चालतं, पण चालायला नको

मॅट्रिकला मला इंग्रजीत छत्तीस मार्क पडले होते. पास व्हायला पस्तीस लागायचे. वरचा एक परीक्षकाच्या हातून चुकून पडला असावा, असं वडिलांचं मत होतं. पुढे नोकरीत साहेब इंग्रजीतून झापायला लागले की मी नुसती मान हलवायचो. झापणं कुठल्याही भाषेत कळतं. असा मी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत मक्याच्या शेताकडेला उभा होतो आणि एका दाढीवाल्या शेतकऱ्याने मला चक्क इंग्लिश ठरवलं. ‘तुम्ही इंग्लिश लोक,’ असं म्हणून त्याने मी, सौ., चिरंजीव, सूनबाई आणि नातू अशा सगळ्यांवरून हात फिरवला. सौ. तेव्हा पाचवारी साडी आणि पांढरे स्पोर्ट्‌स शूज अशा पोशाखात होती. वडील हयात असते तर मी त्यांना तार केली असती.

नंतर कळलं, की त्यात कौतुक नव्हतं आणि अपमानही नव्हता. तो शेतकरी आमिश होता, म्हणजे जुन्या चालीने राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथातला. आमिश माणसाच्या लेखी जगात दोनच जाती: आमिश आणि इंग्लिश. न्यूयॉर्कचा वकील इंग्लिश, चिनी पर्यटक इंग्लिश आणि मिरजेचा मीही इंग्लिश. ते घरात बोलतात त्या भाषेला म्हणतात पेनसिल्व्हेनिया डच. नाव डच, पण बोली जर्मन. प्रार्थनेला जुनी, सोवळ्यातली जर्मन. इंग्रजी त्यांची पोरं शाळेत गेल्यावर शिकतात. म्हणजे माझ्यासारखंच. फक्त त्यांना ती येते.

चिरंजीव न्यू जर्सीत असतात. दोन वर्षांआड आम्ही उभयता सहा महिने त्यांच्या बेसमेंटमध्ये काढतो. नायगारा दोनदा झाला, स्वातंत्र्यदेवी तीनदा, देवळं किती झाली ते देवालाच ठाऊक. या खेपेला लेबर डेच्या सोमवारी ते म्हणाले, ‘बाबा, चला, वीज न घेणारे लोक दाखवतो.’ मी तेहतीस वर्षं वीज कंपनीत काढलेली. वीज नसलेले लोक मी पोटभर पाहिले आहेत, तेही रात्री अकरा वाजता, दारात, रागावलेले. पण तार दारावरून गेली असताना ‘आम्हाला नको’ म्हणणारं गिऱ्हाईक उभ्या नोकरीत एकदाही भेटलं नव्हतं. मी लगेच बूट चढवले.

सौ.ला प्रवासात पाट्या मोठ्याने वाचायची सवय आहे. एस.टी.त ती ‘पुढे धोक्याचे वळण’पासून ‘येथे शुद्ध तूप मिळेल’पर्यंत काही सोडत नाही. अडीच-तीन तासांनी लँकेस्टर आलं तशी ती सुरू झाली. ‘पॅराडाइज.’ मग ‘बर्ड-इन-हँड.’ ही गावांची नावं आहेत. खोटं वाटत असेल तर नकाशा बघा. पुढची पाटी तिने निम्मी वाचली असेल-नसेल, तोच चिरंजीवांनी गाणी लावली आणि सूनबाई एकाएकी खिडकीबाहेरच्या गाई मोजू लागल्या.

‘इंटरकोर्स म्हणजे काय रे?’ सौ.ने गाण्यावरून आवाज चढवून विचारलं.

‘व्यवहार,’ चिरंजीव आरशात न बघता म्हणाले. ‘म्हणजे... गावागावांतली देवाणघेवाण. रोटीबेटी व्यवहार, आई.’

पोराच्या शिक्षणावर केलेला खर्च त्या क्षणी वसूल झाला. आणि गंमत म्हणजे त्याचं उत्तर खोटं नव्हतं. १८१४ साली गावाला हे नाव मिळालं तेव्हा शब्दाचा रुळलेला अर्थ ऊठबस, येणंजाणं असाच होता. शब्द पुढे बिघडला, गाव बिचारं होतं तिथेच राहिलं. हल्ली पर्यटक त्या पाटीखाली उभं राहून फोटो काढून घेतात. आम्ही काढला नाही. नातू होता बरोबर.

आमिश घर ओळखायचं कसं, याच्या बऱ्याच खुणा सांगतात. खिडकीला हिरवा पडदा, अंगणात बग्गी वगैरे. मला पडदे बघावे लागले नाहीत. चौथ्या घरालाच मी खूण पकडली: खांबावरून सर्व्हिस वायर घरात उतरली असेल तर घर इंग्लिश. रस्त्याने खांब आहेत, तारा ताणलेल्या आहेत, ट्रान्सफॉर्मर जागच्या जागी आहे, आणि घराकडे एक तार वळेल तर शपथ. मीटर नाही. अर्थिंगची पट्टी नाही. आणि आकडाही नाही! अंगणापासून पाच पावलांवर चालू लाईन, पोराबाळांचं खटलं, गोठ्यात चाळीस होल्स्टिन गाई, आणि मैलच्या मैल एकाही घराने आकडा टाकलेला नाही. मी चिरंजीवांना म्हटलं, ‘अरे, ही संतांची भूमी आहे.’

मग बग्ग्या दिसायला लागल्या. लँकेस्टरच्या बग्गीचा टप राखाडी. ओहायोत काळा, आणि याच राज्यातल्या मिफ्लिन काउंटीत एका पंथाचा पांढरा, दुसऱ्याचा पिवळा. कपाळावरच्या गंधावरून आपल्याकडे घराणं कळायचं, तसं तिथे टपावरून कळतं. मागे केशरी त्रिकोण, लुकलुकणारे दिवे आणि वळताना दाखवायला इंडिकेटरसुद्धा, बॅटरीवर. घोडे बहुतेक ट्रॉटिंगच्या शर्यतीतून निवृत्त झालेले. मैदानावर हरायला लागले की इथे येऊन बाजारहाट करतात. मीही निवृत्तीनंतर दळण आणि कोथिंबीर एवढंच बघतो. एका तांबड्या घोड्याशी माझी नजरानजर झाली आणि आम्हाला दोघांनाही एकमेकांचं समजलं. ताशी आठ-दहा मैलांनी तो पुढे, त्याच्या मागे चौदा मोटारी, आणि हॉर्न एकाचाही नाही. नव्या सुनांनी सासूच्या मागून देवळात जावं तशा गेल्या.

सोमवार हा तिथला धुण्याचा वार. व्हरांड्यापासून थेट गोठ्याच्या आढ्यापर्यंत कप्पीवरची दोरी गेलेली आणि तिच्यावर सगळं घर वाळत घातलेलं. रंग जांभळा, हिरवा, निळा. पण फूल नाही, बुट्टा नाही, चौकट नाही. आणि शिस्त अशी, की बापाच्या काळ्या विजारीपासून तान्ह्याच्या झबल्यापर्यंत उतरती भाजणी. मी सवयीने रीडिंग घ्यायला लागलो. ‘सहा पोरं. धाकटं वर्षाच्या आतलं.’ पुढचं घर: ‘आठ!’ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर अमेरिकेत आमिश जेमतेम पाच-सहा हजार होते. आज चार लाखांच्या घरात आहेत आणि वीसेक वर्षांत दुप्पट होतात. धर्माचा प्रचार ते जवळजवळ करतच नाहीत. काय तो दोरीवरूनच चाललेला दिसतो.

मला इंग्लिश करणाऱ्या शेतकऱ्याकडे आता येतो. रस्त्याकडेला त्याची मांडणी होती. मक्याची कणसं, टोमॅटो, घरी केलेल्या रूट बिअरच्या बाटल्या (नुसतं नाव बिअर, चव पोटदुखीच्या औषधाची), आणि पैसे टाकायला एक लाकडी डबा. विकायला कोणी नव्हतं. ‘रविवारी विक्री नाही’ एवढी पाटी. तो गोठ्याकडून सहज आला होता. दाढी छातीपर्यंत आणि मिशी सफाचट. त्यांच्या पूर्वजांना मिशीत लष्करी रुबाब दिसायचा आणि हे लोक लढाईच्या बाजूला फिरकत नाहीत, म्हणून मिशी गेली. दाढी मात्र लग्नानंतर ठेवायची. पुरुषाने घालायचं मंगळसूत्र मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. ‘बाबा वीज कंपनीत होते,’ असं चिरंजीवांनी सांगताच तो खुलला आणि म्हणाला, ‘मग तुम्हाला माझी वीज दाखवतो.’

गोठ्याशेजारच्या खोलीत डिझेल इंजिन धडधडत होतं. त्याला कॉम्प्रेसर, कॉम्प्रेसरला हवेची टाकी, टाकीतून घरात गेलेल्या नळ्या. हवेवर पाण्याचा पंप, हवेवर शिवणयंत्र, हवेवर स्वयंपाकघरातला मिक्सर. फ्रिज गॅसवर. दिवा चाकं लावलेल्या छोट्या कपाटावर आणि गॅसची टाकी कपाटाच्या पोटात. या खोलीतून त्या खोलीत ढकलत न्यायचा. दुधाच्या थंड टाकीत दूध ढवळणारा पंखा होता, तो बारा व्होल्टच्या बॅटरीवर. त्याचीही कथा आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस दूध घेणाऱ्या कंपन्यांनी धरलं, की थंड टाक्या लावा, नाहीतर दूध घेत नाही. धर्मगुरू आणि कंपन्यांची बोलणी झाली. ठरलं असं, की टाकी चालेल, पंखा बॅटरीवर चालेल, पण रविवारी तुमची गाडी दूध न्यायला येता कामा नये. कंपन्यांनी मान्य केलं. बारा व्होल्ट चालतात, एकशेदहा चालत नाहीत. मी दोनशेतीसवाला, मला काय बोलावं सुचेना.

बाहेर शेतात त्याचा मुलगा गवताच्या गाठी बांधत होता. चार खेचरं एक अवजड यंत्र ओढत होती. यंत्राच्या डोक्यावर चांगलं दणकट इंजिन. इंजिन गवत दाबत होतं, गाठी आवळत होतं, मागे फेकत होतं. पण यंत्र पुढे न्यायचं काम खेचरांचं. मला राहवेना. ‘अरे, त्याला विचार, एवढं इंजिन आहे तर तेच का नाही ओढत?’

चिरंजीवांनी विचारलं. तो काहीतरी बोलला. चिरंजीवांनी दोनदा ऐकून भाषांतर केलं, ‘इंजिन चालतं म्हणतो. पण इंजिनाने चालायचं नाही.’

मी हसणार, तेवढ्यात सौ. म्हणाली, ‘बरोबर आहे. यांचा उपवास आहे.’

आम्ही सगळे तिच्याकडे बघायला लागलो. ‘त्यात काय बघायचंय?’ ती म्हणाली. ‘बटाटा चालतो, वांगं चालत नाही. वरी चालते, तांदूळ चालत नाही. जिरं चालतं, मोहरी चालत नाही. कोथिंबीर माझ्या माहेरी चालायची, तुमच्याकडे चालत नाही. चाळीस वर्षांत मी कधी विचारलं का?’

लँकेस्टरवर पुस्तकं लिहिणाऱ्यांची तपश्चर्या एका बाजूला आणि हे वाक्य एका बाजूला. परदेशी पाहुण्याला आमिश ढोंगी वाटतात, कारण तो विचारतो, मोटार पाप असेल तर भाड्याच्या मोटारीत कसे बसता? बसतात. गाडी इंग्लिश ड्रायव्हरची हवी. स्वतःच्या नावावर नको आणि स्वतः चालवायची नाही. गावच्या स्वयंसेवक अग्निशामक दलात कितीतरी आमिश आहेत. बंबावर चढतात, आग विझवतात, बंब मात्र इंग्लिश माणूस हाकतो. मराठी माणसाला यात कोडं पडायचं कारण नाही. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीची दुसरी वाटी घेणाऱ्याने कोणाला ढोंगी म्हणू नये. आणि खिचडीचंच काढलंत तर साबुदाण्याचा कंद, शेंगदाणा, बटाटा, मिरची, सगळे मूळचे अमेरिका खंडातले, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलेले. कोणीतरी कधीतरी बसून ‘हे चालेल’ असं ठरवलं असणारच. आमिशांकडे ते अजून ठरवतात, एवढाच फरक. त्यांच्या नियमांना ऑर्डनुंग म्हणतात. बहुतेक कुठे लिहिलेले नसतात. वर्षातून दोनदा, प्रभुभोजनाच्या आधी, पंचवीस-चाळीस घरांची मंडळी त्यांना पुन्हा होकार देते. मंडळीने ठरवलं की संपलं. आमच्याकडेही मंडळीच ठरवते. फक्त वर्षातून दोनदावर भागत नाही.

ठरवताना विचार एकच: या वस्तूने माणूस घरापासून, गावापासून लांब जाईल का? ट्रॅक्टर गोठ्यापाशी यंत्रं फिरवायला चालतो, पण त्याला रबरी टायर नकोत, लोखंडी चाकं हवीत, म्हणजे तो घेऊन कोणी गावाला फिरायला निघणार नाही. आमच्या सांगलीकडे बैलगाडीची लाकडी चाकं काढून टायर बसवले. यांनी ट्रॅक्टरचे टायर काढून लोखंड बसवलं. दोन्हीकडचे शेतकरी आपापल्या जागी खूष आहेत. सायकल इथे चालत नाही. स्कूटर, म्हणजे एका पायाने ढकलायची ती, चालते. अनवाणी पोरं तिच्यावरून सुसाट जाताना बघून नातू म्हणाला, ‘आजोबा, आपण आमिश होऊ या.’ टेलिफोन चालतो, पण घरात नको. शेताच्या कडेला लाकडी खोपटं असतं, त्यात फोन. जुन्या वाड्यांत एक विशिष्ट खोली अशीच परसाच्या टोकाला असायची. जरूर सगळ्यांना, पण घरात नको.

सूनबाईंना रजई घ्यायची होती, म्हणून एका घरातल्या दुकानात गेलो. सौ.ने एका रजईचं टोक उलटून पाहिलं, टाके पाहिले, अगदी बारीक, हाताचे. आणि किमतीची चिठ्ठी पाहिली. हजार डॉलरच्या वर. ‘गोधडी ही!’ ती म्हणाली. मग आणखी बारकाईने पाहून, ‘अगं, हे तर नवं कोरं कापड! नवं कापड कापून ठिगळं केली?’ तिच्या आईची गोधडी जुन्या लुगड्यांची होती आणि तिच्यात तीन बाळंतपणं आणि एक महापूर निघाला होता. त्यापुढे हिची काय किंमत करायची, असा चेहरा करून ती उभी राहिली.

पण खरा सोहळा पुढे झाला. दुकानातल्या बाईंचा पोशाख गडद निळा, वर काळा एप्रन, डोक्यावर पांढरी पातळ टोपी. सौ. बाईंकडे आणि बाई सौ.कडे बघत होत्या. बटण कोणाच्याच अंगावर नव्हतं. आमिश बाया पोशाख टाचण्यांनी लावतात. साध्या, सरळ, कापड टाचायच्या टाचण्या! सौ.ने छातीशी बोट नेऊन ‘टोचत नाही?’ असं मराठीत विचारलं. बाईंनी हसून पेनसिल्व्हेनिया डचमध्ये काहीतरी सांगितलं. मग सौ.ने पदर बाजूला करून खांद्यावरची सेफ्टीपिन दाखवली, निऱ्यांची दाखवली, आणि मनगट पुढे करून बांगडीला अडकवलेल्या जादा तीन पिनांचा झुबका दाखवला. बाई आत गेल्या आणि सासूला घेऊन आल्या. सासू शेजारच्याच छोट्या घरात राहते. मुलगा शेत सांभाळायला लागला की म्हातारा-म्हातारीने लागून असलेल्या ‘ग्रॉसडाडी हाउस’मध्ये, म्हणजे आजोबाघरात, जायचं अशी तिथली रीत. (आमचं आजोबाघर बेसमेंटमध्ये आहे. हीटर मात्र उत्तम.) तिघी पंधरा मिनिटं बोलल्या. इंग्रजीचा एक शब्द लागला नाही. परत निघताना सौ.च्या बांगडीला एकच पिन उरली होती.

गाडीत बसल्यावर तिने बातमी दिली, ‘त्यांच्या घरी लग्न आहे.’

‘तुला सांगितलं त्यांनी?’

‘सांगायला कशाला हवं? परसात एवढी भाजी लावलीय, ती घरी खायला का?’

ती भाजी म्हणजे सेलरी. लँकेस्टरच्या आमिशांत लग्नं बहुतेक नोव्हेंबरच्या आसपास, मंगळवारी नाहीतर गुरुवारी, पिकं निघाल्यावर. पाहुणे तीनशे-चारशे. पंगतीला कोंबडी आणि पावाचं सारण, आणि सेलरी हवीच. शिजवलेलीही आणि टेबलावर फुलदाणीतल्या फुलांसारखी उभी केलेलीही. लग्न ठरल्याचं चर्चमध्ये जाहीर होईपर्यंत घरचे तोंडातून चकार शब्द काढत नाहीत, पण वाफे बोलतात. ज्या घरात उपवर मुलगी आहे आणि सेलरीच्या रांगा नेहमीपेक्षा जास्त आहेत, तिकडे शेजारणींची नजर जाते. सौ.ने हे कुठे वाचलं नव्हतं. अंतःप्रेरणा म्हणतात ती हीच.

आमिश पोरांचं शिक्षण आठवीपर्यंत, एका खोलीच्या शाळेत. पुढे शाळेत पाठवायचं नाही, हा हक्क त्यांना १९७२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी तो कोर्टात न जाताच घेतला होता. सरकारी पेन्शनचा पैसा ते भरत नाहीत आणि घेतही नाहीत. १९६५पासून तशी सवलत आहे. बाकीचे कर भरतात. कोणाचं कोठार जळलं की शेकड्यांनी माणसं हातोडे घेऊन येतात आणि बघता बघता नवं उभं करतात. दर महिन्याच्या एक तारखेला बँकेत जाऊन पेन्शन आली का बघणाऱ्या माझ्यासारख्याला हे ऐकून जरा गलबलल्यासारखं झालं; ते गलबलणं पेन्शन बुडाल्याच्या कल्पनेनेही असेल.

एका गोष्टीची थट्टा करवत नाही. मोठेपणी बाप्तिस्मा घेऊन शब्द दिला आणि मग मोडला, तर त्या माणसाबरोबर घरचेही एका पंगतीला जेवत नाहीत. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: वाळीत टाकणं. १६९३ साली आमिशांचा आद्यपुरुष याकोब आमान आपल्या मूळ पंथातून फुटून निघाला, त्या भांडणात हाच मुद्दा मोठा होता. त्याला वाळीत टाकणं आणखी कडक हवं होतं. महाराष्ट्रात २०१६ साली विधिमंडळाने वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा केला. उपवास ज्याचा त्याने धरावा आणि मोडावा. मोडणाऱ्याचं ताट वेगळं करायला मला जमणार नाही.

निघताना पुन्हा मांडणीपाशी थांबलो. कणसं डझनाला पाच डॉलर. चिरंजीवांकडे कार्डं सात, रोख वीसची एकच नोट. डब्याला फक्त वरून फट. मोड कोणाकडे मागायची? तो मघाचा शेतकरी दूध काढायला गेलेला. ‘वीस टाकू आणि जाऊ,’ चिरंजीव म्हणाले. सौ.ने त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते न बोलता डिकी उघडायला गेले. वीस डॉलरचे चार डझन झाले. तिने एकेक कणीस सोलून दाणा बघून निवडलं. देवाच्या भरवशावर ठेवलेलं दुकान म्हणून निवडायचं सोडायचं, असं तिला पटत नाही.

रात्री तिने बहिणीला सांगलीला फोन लावला. मला वाटलं, बग्ग्या सांगेल, रजई सांगेल. म्हणाली, ‘अगं, काही वेगळे नाहीत. आपल्यासारखेच आहेत, फक्त बारा महिने चातुर्मास.’

तिकडे जाणार असाल तर रविवार टाळा, सगळं बंद असतं. लोकांचे चेहरे येतील असे फोटो काढू नका, त्यांना ते चालत नाही. आणि सुट्टे पैसे न्या. आम्ही आठ दिवस कणसं खात होतो.